मॉडेलनं घरट्याबद्दल कधी विचारलंच नाही

११ हजार फोटो. सगळे ड्रोननं काढलेले, उच्चदाब लाइनच्या टॉवरांचे. त्यात शोधायच्या गोष्टी चारच: इन्सुलेटरची (तारेतली वीज टॉवरमध्ये उतरू न देणाऱ्या चकत्यांची) माळ, माळेतली फुटलेली चकती, पक्ष्याचं घरटं आणि तारेत अडकलेला कचरा. या गोष्टी आपोआप ओळखणारं संगणकाचं मॉडेल शिकवायचं, तर आधी माणसानं प्रत्येकीभोवती चौकट, म्हणजे बॉक्स, काढून तिचं नाव लिहायचं. बॉक्स काढायला आम्ही दोघं. एक मी, आणि दुसरी माझी सहकारी, जी माझ्या दुप्पट वेगानं आणि माझ्यापेक्षा बरंच नीट काम करते.

सुरुवातीला मी कागदावर हिशेब मांडला. इमेजनेट या फोटोंच्या मोठ्या संग्रहासाठी बॉक्स गोळा करणाऱ्यांनी २०१२ मध्ये मोजलं होतं, की एक चांगला बॉक्स काढायला साधारण २५ सेकंद लागतात. तो बरोबर आहे का, आणि फोटोतलं काही सुटलं तर नाही ना, हे बघायचा वेळ वेगळा. आमच्या फोटोत सरासरी १२ बॉक्स धरले तरी नुसतं काढण्याचेच ९०० च्या वर तास होत होते. (वस्तूची वरची, खालची, डावी आणि उजवी टोकं अशा चार क्लिक करून बॉक्स काढायची पद्धत २०१७ मध्ये आली. तिनं हा वेळ ७ सेकंदांवर येतो. आम्ही पुढे तीच घेतली आणि या अख्ख्या प्रकरणातली सगळ्यात सोपी बचत तिथेच झाली. पण तो वेगळा विषय.)

म्हणून ॲक्टिव्ह लर्निंग. कल्पना जुनी आहे, लुईस आणि गेल यांनी १९९४ मध्ये मजकुराच्या वर्गीकरणासाठी ती वापरली होती. थोड्या डेटावर मॉडेल ट्रेन करायचं, उरलेला ढीग त्याच्यासमोर ठेवायचा आणि जिथे ते गोंधळतं तेवढंच माणसानं लेबल करायचं. ऐकायला इतकं सरळ वाटतं, की मी दोन दिवसांत स्क्रिप्ट लिहून मोकळा झालो. ३०० फोटो रँडम उचलून लेबल केले, छोटं योलो (फोटोतल्या वस्तू शोधणारं मॉडेल) ट्रेन केलं आणि पुढचे २०० फोटो त्यालाच निवडायला सांगितले.

पहिला फटका बेरजेनं दिला. वर्गीकरणात एका फोटोला एकच उत्तर असतं, त्यामुळे त्याचा गोंधळ मोजणं सोपं. डिटेक्शनमध्ये, म्हणजे वस्तू शोधताना, एकाच फोटोवर चाळीस बॉक्स आणि प्रत्येकाचा कॉन्फिडन्स (मॉडेलची ० ते १ मधली खात्री) निराळा. त्या चाळीस आकड्यांचा फोटोसाठी एक आकडा करायचा कसा? मी बेरीज घेतली. साहजिकच मॉडेलनं सबस्टेशनचे फोटो मागितले, कारण तिथे एका फ्रेममध्ये साठ-साठ माळा असतात आणि प्रत्येकीचा थोडा थोडा गोंधळ मिळून डोंगर होतो. फोटो २०० च, पण ते संपायला पहिल्या ३०० पेक्षा जास्त दिवस लागले. माझ्या तक्त्यात मात्र 'लेबल केलेले फोटो' या रकान्यात झकास बचत दिसत होती. तेव्हापासून तो रकाना काढून 'बॉक्स' आणि 'तास' असे दोन घातले.

मग बेरजेऐवजी सगळ्यात गोंधळलेला एकच बॉक्स धरला. आता आले हललेले फोटो, थेट लेन्समध्ये सूर्य आलेले फोटो, धुक्यातले फोटो. मॉडेल गोंधळलं होतं हे खरं, पण आम्हीही गोंधळलोच होतो. फुटलेली चकती की सावली, हे जिथे माणसालाच ठरवता येत नाही तिथे लेबल लावून शिकवणार काय? असे फोटो बाजूला काढायला शेवटी धूसरपणा मोजणारी एक साधी गाळणी लावली.

आणि तिसऱ्या फेरीत सहकारी खुर्ची वळवून म्हणाली, "सर, हा तोच टॉवर आहे. सकाळपासून नवव्यांदा."

ड्रोन दर दोन सेकंदांनी फोटो काढतो. एका फ्रेमवर मॉडेल अडलं की तिच्या आजूबाजूच्या आठ फ्रेमवरही अडतं, आणि यादीत सगळ्या एकाखाली एक येतात. यावर वाचायला भरपूर आहे. २०१८ चा सेनर आणि सावरेसे यांचा कोअर-सेटचा पेपर तर नेमका हाच, की निवडलेले नमुने सगळ्या डेटावर पसरलेले हवेत. आम्ही त्याचं गरिबाघरचं रूप केलं: सगळ्यात गोंधळाचे १००० फोटो घ्यायचे, त्यांच्या एम्बेडिंगचे (फोटो कसा दिसतो हे सांगणाऱ्या आकड्यांचे) के-मीन्स या पद्धतीनं २०० गट पाडायचे आणि प्रत्येक गटातून एक उचलायचा. त्याच्या जोडीला एक बाळबोध नियम घातला: एका फेरीत एका टॉवरचे दोनच फोटो. खरं सांगायचं तर के-मीन्सपेक्षा या नियमाचाच उपयोग जास्त झाला.

मधल्या काळात आणखी एक घोळ मी स्वतःच घालून ठेवला होता. प्रत्येक फेरीतल्या नव्या फोटोंतले काही चाचणीसाठी वेगळे काढत होतो. दर फेरीला एमएपी, म्हणजे मॉडेलच्या अचूकतेचे गुण, खाली! आठवडाभर लर्निंग रेट, ऑगमेंटेशन अशा ट्रेनिंगच्या सेटिंगांशी झटापट केली. मॉडेल बिघडत नव्हतंच. परीक्षेचा पेपर दर फेरीला अवघड होत होता, कारण तो मॉडेलला न येणाऱ्या प्रश्नांतूनच काढला जात होता. मग वेगळ्याच लाइनवरचे ४०० फोटो रँडम उचलले, एकदाच नीट लेबल केले आणि कुलूपबंद केले.

या चाचणी संचानंच घरट्यांची भानगड उघडी पाडली. माळा छान सापडत होत्या, फुटलेल्या चकत्या फेरीगणिक सुधारत होत्या, पण घरटी जिथल्या तिथे. रिकॉल (खऱ्या घरट्यांतली किती सापडली तो आकडा) हलायला तयार नाही. मला वाटलं डेटातच घरटी कमी असतील. तसं असेल तर मॉडेल आपणहून मागेल की, त्यासाठीच तर हा सगळा खटाटोप!

ते मागत नव्हतं. एका दुपारी सहकारी माळांचे बॉक्स काढत होती आणि तिला टॉवरच्या आडव्या हाताच्या सांध्यात काटक्यांचा एक जुडगा दिसला. लोखंडाच्याच करड्या रंगाचा, अर्धा पट्टीआड गेलेला. मी त्या फोटोवर मॉडेल चालवलं आणि कॉन्फिडन्सची मर्यादा उतरवत नेली. ०.२५ ला काही नाही. ०.१० ला काही नाही. ०.०५ ला कुठल्या तरी नटवर एक भलताच बॉक्स आला, पण घरट्यावर शून्य.

मग डोक्यात प्रकाश पडला. माझा गोंधळाचा आकडा मॉडेलनं काढलेल्या बॉक्सवरून येत होता. जिथे बॉक्सच नाही तिथे गोंधळही नाही. जे मॉडेलला अर्धवट दिसतं त्याबद्दल ते विचारतं. जे अजिबात दिसत नाही, तो फोटो त्याच्या लेखी सगळ्यात सोपा, आणि यादीत सगळ्यात तळाला. म्हणजे आम्ही फेरीमागून फेरी घरट्यांचे फोटो पद्धतशीरपणे मागे ढकलत होतो. रँडम निवडले असते तर निदान नशिबानं तरी काही आले असते.

भरीत भर प्री-लेबलिंगची. वेळ वाचावा म्हणून मॉडेलचे बॉक्स आधीच दाखवून फक्त दुरुस्ती करायची, असं आम्ही सुरू केलं होतं. माळांसाठी ते उत्तम. पण डोळा आयत्या बॉक्सच्या मागे जातो आणि बॉक्स नसलेल्या कोपऱ्यात रेंगाळत नाही. सुटलेलं घरटं म्हणजे नुसती राहून गेलेली नोंद नव्हे. ट्रेनिंगमध्ये तो भाग पार्श्वभूमी धरला जातो, म्हणजे 'हे घरटं नाही' असं आपणच मॉडेलला बजावतो. जुने फोटो पुन्हा चाळले तेव्हा असली २३ घरटी निघाली. त्यातली १४ मी सोडलेली होती. तिची ९.

आता प्रत्येक फेरीतले पाचातले एक म्हणजे ४० फोटो निव्वळ रँडम असतात आणि ते प्री-लेबलशिवाय उघडतात. सापडलेल्या घरट्यांचे तुकडे कापून एम्बेडिंगनं त्यांच्यासारखे दिसणारे भाग उरलेल्या ढिगात शोधतो. बरेच नुसते गंजलेले सांधे निघतात, पण अधूनमधून खरं घरटं हाती लागतं. शिवाय एकच फोटो सरळ आणि आरशात उलटा करून मॉडेलला दाखवतो. एकीकडे बॉक्स आला आणि दुसरीकडे नाही, तर तो फोटो वर घेतो.

एवढ्याच बॉक्सच्या खर्चात सगळे फोटो रँडम निवडले असते तर काय झालं असतं, तेही एकदा करून पाहिलं. माळांसाठी फरक जवळजवळ नाही. त्या इतक्या आहेत, की कुठलेही फोटो घ्या, मॉडेल शिकतंच. फुटलेल्या चकत्यांना मात्र भरपूर फायदा झाला, आणि त्यांच्यासाठीच हा खेळ परवडला. घरट्यांचा निकाल अजून लागायचाय.

परवाच्या फेरीत मॉडेलनं पहिल्यांदा स्वतःहून घरट्याचा बॉक्स काढून विचारलं. कॉन्फिडन्स ०.३१. मी उठून तिच्या स्क्रीनपाशी गेलो. तिनं झूम केलं, मान तिरकी करून पाहिलं आणि म्हणाली, "सर, ही पोत्याची चिंधी आहे."

म्हटलं, असू दे. कचरा म्हणून लेबल लाव.