निम्म्या टाकीनंतरचा बिघाड

पुण्यातल्या माझ्या लहानशा कार्यशाळेत दुरुस्तीला येणाऱ्या रिमोटच्या गाड्यांपैकी बहुतेक आता विजेवर चालणाऱ्या असतात आणि त्यांचे दुखणे बॅटरीत, वायरीच्या जोडात नाहीतर गिअरच्या दातांत सापडते. नायट्रो इंधनावरची, एकास आठ प्रमाणातली ऑफ-रोड बग्गी हे मात्र वेगळेच प्रकरण असते. ३.५ सीसीचे टू-स्ट्रोक इंजिन, मिनिटाला तीस हजारांच्या वर फेरे, सव्वातीन किलोंच्या आसपास वजन आणि मातीच्या ट्रॅकवर उड्या घेत ताशी साठ-सत्तर किलोमीटरने पळणे, एवढे सगळे ज्या यंत्राकडून करून घ्यायचे, त्यात बिघाड एकीकडे असतो आणि त्याची लक्षणे भलतीकडेच दिसतात. त्यामुळे 'गाडी ट्यून करून द्या' असे कोणी म्हणाले की मी आधी स्क्रू ड्रायव्हर बाजूला ठेवतो आणि गाडी नेमकी केव्हा बिघडते ते विचारतो.

मे महिन्यातल्या एका शनिवारी तासगावचे एक द्राक्ष बागायतदार आपल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाला घेऊन आले. द्राक्षाचा हंगाम संपून बेदाण्याची शेडही रिकामी झाली, तेव्हा बापलेकांनी शेडशेजारच्या मोकळ्या जागेत जेसीबीने उंचवटे काढून स्वतःचा ट्रॅक केला होता. दुसऱ्या दिवशी पुण्याजवळ शर्यत होती आणि गाडी मधेच बंद पडत होती. आधी तिघांनी ती पाहिली होती. प्रत्येकाने इंधन पेटवणारा ग्लो प्लग नवा टाकला होता, प्रत्येकाने नीडल, म्हणजे कार्ब्युरेटरमधला इंधनाचे प्रमाण ठरवणारा स्क्रू, फिरवले होते, आणि एकाने उन्हाळ्याचे कारण सांगून पैसे घेतले होते. मुलाने प्रत्येक वेळी नीडल किती फिरवले याची नोंद वहीत ठेवली होती, ती त्याने मला उत्साहाने दाखवली; पण कामाचे वाक्य वडिलांच्या तोंडून आले. "साहेब, टाकी फुल्ल असली की लई भारी पळतंय बघा. निम्मी झाली की भणभणाय लागतंय आणि बसतंय."

उन्हाळ्याचे कारण मला तिथेच खोटे वाटले. हवा तापली की विरळ होते, तेवढ्याच जागेत प्राणवायू कमी येतो आणि इंधनाचे प्रमाण उलट वाढते, म्हणजे मिश्रण रिच होते. या गाडीचे वर्णन तर स्पष्टपणे लीन, म्हणजे इंधन कमी पडणाऱ्या, मिश्रणाचे होते: थ्रॉटल सोडल्यावरही फेरे लगेच न उतरणे, सायलेन्सरमधून निघणारी निळसर धुराची रेघ नाहीशी होणे आणि मग तापून बंद पडणे. काढून आणलेल्या प्लगची तार पाहिली, तर तिची चकाकी जाऊन ती दुधी काचेसारखी पांढुरकी झाली होती आणि एका प्लगचे वेटोळे वाकडे झाले होते. लीन चालण्याची खूण यापेक्षा वेगळी नसते.

टाकी रिकामी होत आली की मिश्रण थोडे लीन होतेच, हे या छंदातल्या प्रत्येकाला ठाऊक असते, आणि आधीच्या तिघांची फसगत त्यामुळेच झाली असावी. प्रत्येकाने हाय-स्पीड नीडल थोडे थोडे उघडत नेले होते. परिणामी टाकी भरलेली असताना गाडी जास्तीचा धूर सोडत पण जोरात निघे, मधली दोन-तीन मिनिटे उत्तम चाले आणि त्यानंतर पूर्वीसारखीच बसे. नीडल फिरवून दोष थोडा पुढे ढकलला जातो आणि दुरुस्ती झाल्याचा भास होतो. या धंद्यात सर्वांत जास्त इंजिने या भासापायी खराब होतात असे माझे मत आहे. कारण या इंजिनाला वेगळे वंगण नसते. मिथेनॉल आणि नायट्रोमिथेन यांच्यात मिसळलेले तेल हेच त्याचे वंगण. इंधन कमी पोचले की तेलही कमी पोचते आणि पिस्टन कोरड्या स्लीव्हवर, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या अस्तरावर, घासत राहतो.

म्हणून आधी इंजिनच तपासले. थंड इंजिनाचे फ्लायव्हील हाताने फिरवताना पिस्टन वरच्या टोकाला घट्ट अडकायला हवा, कारण पितळेच्या क्रोम चढवलेल्या स्लीव्हचे तोंड वरती किंचित निमुळते ठेवलेले असते आणि इंजिन तापल्यावरच त्या दोघांचे माप जुळते. या इंजिनात ती पकड निम्म्याने ढिली झाली होती. संपलेली नव्हती, पण अशाच आणखी काही टाक्या गेल्या असत्या तर संपली असती. ते वडिलांना तेव्हाच सांगितले, म्हणजे नंतर गैरसमज नको.

हवा कुठून शिरत असावी याचा शोध नेहमीच्या जागांपासून सुरू केला. कार्ब्युरेटरच्या बुडाची ओ-रिंग, मागची बॅकप्लेट आणि पुढचे बेअरिंग या तीन जागा सर्वांत संशयास्पद असतात. एक्झॉस्टचे तोंड रबरी बुचाने बंद करून इंजिन पाण्याच्या भांड्यात बुडवले आणि कार्ब्युरेटरच्या नळीतून फुंकर मारली. पुढच्या बेअरिंगपाशी उगीच दोन-चार बुडबुडे आले, तेवढे चालतात. बाकी कुठेही काही नाही. इंजिन लगेच कोरडे करून तेल सोडले. मग टाकी काढली. सायलेन्सरमधून दाब आणणारी नळी जिथे लागते ते निपल बंद केले, इंधन बाहेर जाण्याच्या निपलमधून फुंकले आणि टाकी पाण्याखाली धरली. झाकणाच्या रबराजवळ नाही, सांध्यांवर नाही, कुठेच बुडबुडा नाही. मुलगा हिरमुसला. त्याच्या हिशेबाने आता फक्त नीडलच उरले होते.

माझ्या डोक्यात मात्र वडिलांचे वाक्य घोळत होते. इंजिनातून हवा शिरत असती तर ती भरल्या टाकीलाही शिरली असती. टाकीचे झाकण गळत असते तर दाब सुरुवातीपासूनच कमी मिळाला असता. निम्म्या टाकीपर्यंत निर्दोष आणि त्यानंतर नेमाने सदोष, हे इंधनाच्या पातळीशी बांधलेले लक्षण होते, आणि पातळीशी संबंध फक्त टाकीच्या आतल्या वस्तूंचा असतो. टाकी बाहेरून बुडवून केलेल्या परीक्षेत आतला दोष दिसणे शक्यच नव्हते. आतली नळी फाटली असेल तर तिच्यातली हवा टाकीतच राहणार, पाण्यात येणार कशी?

गाडीवर निळ्या रंगाची अपारदर्शक इंधननळी होती. ती काढून त्या जागी पारदर्शक सिलिकॉनची नळी लावली आणि तिच्या दुसऱ्या टोकाला औषधाच्या दुकानातली मोठी सिरिंज जोडली. टाकीत १२५ मिलिलिटर इंधन भरले, झाकण किंचित उघडे ठेवले आणि दांडा सावकाश मागे ओढू लागलो. पहिल्या खेपांना नळीतून गुलाबी इंधनाचा अखंड दोरा येत राहिला. टाकीतली पातळी मध्याच्या जरा खाली गेली आणि त्या दोऱ्यात मोहरीएवढा एक बुडबुडा आला, त्यामागे आणखी एक, आणि मग इंधन व हवा यांचे तुकडे आळीपाळीने येऊ लागले. पुन्हा टाकी भरली, बुडबुडे थांबले. पुन्हा उपसली, त्याच पातळीला सुरू झाले.

वडील टेबलावर वाकून पाहत होते. ते सरळ उभे राहिले आणि म्हणाले, "हे तर आमच्या विहिरीवरच्या मोटरीगत झालं की. सक्शनच्या पाइपाला मधे चीर असली की पावसाळ्यात कळत नाही. उन्हाळ्यात पाणी चिरीच्या खाली गेलं की मोटार हवा धरती." यापेक्षा नेमके स्पष्टीकरण मला देता आले नसते. मुलाला ते तत्काळ पटले, कारण तो पाइप बदलायला गेल्या उन्हाळ्यात तोच विहिरीत उतरला होता.

चिमट्याने आतली नळी झाकणाच्या तोंडातून बाहेर काढली. या टाकीत पितळेचे निपल वरच्या बाजूने आत येऊन साधारण मध्यापर्यंत खाली उतरते. त्यावर दोन बोटे लांबीची सिलिकॉनची नळी चढवलेली असते आणि तिच्या टोकाला तळाशी लोळणारा जड फिल्टर असतो. उडी मारून गाडी जमिनीवर आदळली की फिल्टर हिसका देतो आणि नळी निपलच्या कडेवर वाकते. निपलच्या तोंडाची कापलेली कड घासून गुळगुळीत केलेलीच नव्हती. तिच्यावर बोट फिरवले तर धार जाणवत होती. वर्षभर इंधनात फुगून मऊ पडलेली नळी नेमकी त्या धारेवर, तांदळाच्या दाण्याएवढ्या लांबीने चिरली होती. नळी सरळ धरली की चीर मिटे, वाकवली की उघडे.

कड बारीक पॉलिश पेपरने घासली, टाकी धुऊन पितळेचा कण न् कण काढला आणि नवी नळी चढवली. सिरिंजने तळापर्यंत उपसली तरी एकही बुडबुडा आला नाही. तेवढ्यात एअर फिल्टर उघडला, तर फोमवर काळ्या मातीचा थर आणि तेलाचा पत्ता नव्हता. तो रॉकेलने धुऊन, वाळवून, फिल्टरचे तेल चोळून परत बसवला. पुढच्या डिफरेन्शियलमधले सिलिकॉन ऑइल काळवंडले होते, ते बदलून ७००० घट्टपणाचे भरले. क्लच ठीक होता.

मग खरे ट्यूनिंग. दोन्ही नीडल कंपनीने पत्रकात दिलेल्या मूळ जागेवर आणली, गाडी स्टार्टर बॉक्सवर चालू केली आणि मागच्या मैदानात मुलाला मुद्दाम रिच मिश्रणावर दोन टाक्या फिरवायला लावली. त्यानंतर हाय-स्पीड नीडल फेऱ्याच्या आठव्या भागापेक्षा जास्त कधीच न फिरवता बंद करत गेलो आणि दर वेळी प्लगजवळचे तापमान पाहिले. ११० अंश सेल्सिअसला धुराची रेघ कायम होती आणि सरळ रेषेत गाडीचा आवाज स्वच्छ झाला होता; तिथे थांबलो. आणखी थोडा वेग मिळाला असता, मुलाचा तसा आग्रहही होता. पण ढिल्या पकडीच्या इंजिनाकडून तो मागणे मला मान्य नव्हते. आयडलवर इंधननळी चिमटीत दाबली, तर फेरे जरा चढून तीन सेकंदांत इंजिन बंद पडले, म्हणजे लो-स्पीड नीडलही जागेवर आले. शेवटी एक पूर्ण टाकी तळापर्यंत चालवली. आवाज पहिल्यापासून शेवटपर्यंत एकसारखा राहिला.

निघताना वडिलांनी बिलाकडे पाहून "नळी केवढ्याची?" असे विचारले आणि मी नळीचे वीस रुपये व बाकीची मजुरी असा खुलासा केला, तेव्हा ते मोकळेपणाने हसले. मुलाला दोन गोष्टी बजावल्या: गाडी ठेवण्यापूर्वी टाकी रिकामी करून इंजिनातले उरलेले इंधन जाळायचे आणि आफ्टर-रन तेलाचे थेंब सोडायचे, कारण मिथेनॉल हवेतला ओलावा ओढते आणि बेअरिंग गंजते, आणि टाकीतली नळी दर हंगामाला बदलायची, ती बाहेरून कितीही चांगली दिसत असो.

रविवारी दुपारी मुलाचा फोन आला. फायनलमध्ये मोठ्या उडीनंतर पुढच्या उजव्या चाकाचा आर्म (चाक धरणारा दांडा) मोडून तो बाहेर पडला होता. इंजिनाबद्दल विचारले तर म्हणाला, "काका, गाडी उलटी पडली होती तरी चालूच होती, मार्शलनं बंद केली." आर्म त्याच मापाचा माझ्याकडे नव्हता, सोमवारी मागवला.