गाडी दहा वर्षांवरची आहे? आधी फोटो पाठवा

अमेरिकेतल्या अनेक खासगी आरव्ही पार्कांत, म्हणजे फिरती घरं उभी करायच्या तळांवर, एक नियम असतो. गाडी दहा वर्षांहून जुनी असेल तर आधी फोटो पाठवायचे, मग ते जागा देणार की नाही ते कळवतात. इंजिन कसं आहे, ब्रेक लागतात का, याची चौकशी नाही. गाडी दिसते कशी, एवढंच. आमची 2004 सालची. त्यामुळे सुट्टीचा बेत ठरला की आमच्याकडे आधी मुलगी दाखवण्याचा कार्यक्रम!

आरव्ही म्हणजे चाकांवरचं घर: ओटा, बिछाने, संडास-बाथरूम सगळं आत. आपल्याकडेही 2021 मध्ये महाराष्ट्र सरकारने कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, पण इकडे हे प्रकरण फार जुनं आणि फार मोठं. बहुतेक गाड्या इंडियानातल्या एल्कहार्टच्या आसपास बनतात. मग आमच्यासारखे लोक त्या ॲरिझोनात आणून उन्हात वाळत घालतात.

आम्ही फिनिक्सजवळ चॅण्डलरला राहतो. इथलं ऊन म्हणजे जून ते ऑगस्ट बहुधा चाळिशीच्या वरच. बऱ्याच आरव्हींच्या भिंती फायबर ग्लासच्या, आणि त्यावर जेलकोट म्हणून रंगीत रेझिनचा थर असतो. हा थर उन्हाने मरतो. गाडीवरून हात फिरवला की तळहात पांढराफटक. बाजूचे निळे पट्टे तडकून त्यांचे पापुद्रे निघालेले, आणि खिडक्यांखाली काळे ओघळ.

"अगं, सरळ रंग मारून घ्या ना," असं आई फोनवर म्हणाली. तिचंही चूक नाही, पण एवढं धूड इथे रंगवून घ्यायचं तर जुन्या गाडीच्या किमतीचा मोठा हिस्सा त्यातच जातो. आणि जेलकोट बहुधा संपलेला नसतो, फक्त वरून मेलेला असतो. तो घासून काढला की खालचा चांगला थर वर येतो.

झटपट चमकवायचा एक उपाय इथे फार लोकप्रिय आहे. फरशीला लावायचं ॲक्रिलिक पॉलिश आणायचं आणि फडक्याने गाडीवर चार-पाच हात मारायचे. दुपारपर्यंत गाडी आरशासारखी दिसते. मला हा प्रकार मुळीच पटत नाही. आमच्या उन्हात तो थर पिवळा पडतो, मग त्याची सालं निघतात आणि ती खरवडताना जीव जातो. जुनी आरव्ही घ्यायला गेलात आणि ती संशयास्पद चकाकत असेल, तर चाकाच्या कमानीजवळ, कोपऱ्यात, जिथे फडकं नीट पोचत नाही तिथे वाकून बघा.

आमच्या कॉलनीत आरव्ही सामान चढवण्या-उतरवण्यापुरतीच दारात उभी करता येते. म्हणून एका मित्राच्या क्वीन क्रीककडच्या मोकळ्या प्लॉटवर आम्ही मुक्काम ठोकला. सुरुवात छतापासून केली, कारण भिंतीवरचे ओघळ तिथूनच येतात. रबरी छत जुनं झालं की त्याची भुकटी सुटते आणि पहिल्या पावसात ती धुळीबरोबर खाली उतरते. छत धुतलं, व्हेंटच्या, म्हणजे छतावरच्या झरोक्यांच्या, कडांना आपोआप पसरणारं सीलंट ओतलं. आधीच्या मालकाने जागोजागी सिलिकॉन थापलं होतं. ते कण न् कण खरवडावं लागलं, कारण सिलिकॉनवर दुसरं काहीही धरत नाही.

खरी गंमत कोपऱ्यात होती. भिंत आणि छताच्या सांध्यावर ॲल्युमिनियमची पट्टी असते आणि तिच्या खोबणीत स्क्रू झाकायला व्हिनाइलची बारीक फीत. आमची फीत पिवळी पडून आखडली होती, दोन्ही टोकांना बोटभर उघडी. ती ओढून काढली तर आत गंजलेले स्क्रू. एक तर नुसता फिरतच राहिला, म्हणजे मागचं लाकूड नरमलेलं. बाहेरून ती फक्त कळकट दिसत होती, पण पाणी तिथूनच आत जात होतं. पट्टी उतरवली, नरम लाकूड बदललं, मागे नवी ब्यूटिल टेप (पाणी अडवणारी चिकट रबरी पट्टी) लावली आणि स्टेनलेसचे स्क्रू घातले. नवी फीत बसवण्याआधी उन्हात पसरून मऊ केली आणि टोकांना जरा जास्तच ठेवली, कारण ती पुढे आखडतेच.

जुने पट्टे हीट गनने गरम करून प्लास्टिकच्या पात्याने सोलले, उरलेला गोंद ड्रिलला रबरी चाक लावून काढला. जळक्या रबराचा वास केसांतून जाईना. पट्ट्यांखालचा जेलकोट मात्र वीस वर्षं सावलीत राहिलेला, अगदी नवाकोरा. म्हणून पॉलिशनंतरही जुन्या नक्षीची सावली दिसतेच. आम्ही पाटी करणाऱ्याकडून नवे पट्टे थोडे रुंद कापून घेतले आणि ती सावली झाकली.

घासायचं काम पहाटे. भिंत तापली की रबिंग कंपाऊंड लावताक्षणी वाळून बसतं. पुढच्या साच्यात घडवलेल्या भागावरचा थर जाड असतो, तिथे हजार आणि दोन हजार नंबरचा वॉटर पेपर चालतो. बाजूच्या भिंतींवरचा थर पातळ, तिथे फक्त कंपाऊंड, लोकरी पॅड आणि भरपूर धीर. मग फोमच्या पॅडने पॉलिश आणि लगेच मेण. नुसतं पॉलिश करून सोडलं तर काही महिन्यांत पुन्हा तीच पावडर. मेण आता वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि हिवाळ्याआधी.

ॲरिझोनातल्याच क्वार्टसाइटच्या वाळवंटात हिवाळ्यात हजारो आरव्ही येतात. तिथल्या सरकारी जमिनीवर कुणी फोटो मागत नाही, घरच्या ब्रशने रंगवलेल्या जुनाट बसही सुखाने उभ्या असतात. मला त्यांचंच जास्त पटतं. पण नवऱ्याला समुद्र हवा, म्हणून कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरच्या एका पार्कला फोटो धाडले. जागा मिळाली, शिवाय विचारणा आली: बाजूची कापडी ऑनिंग (सावलीसाठी उघडायचं छप्पर) फाटली आहे का? फाटली आहे. आता नवं कापड मागवायचं, आणि त्याचा दांडा धरायला तीन माणसं जमवायची.