मुलाखतीतली झाकली मूठ

मुलाखत संपत आली की समोरचा माणूस खुर्चीत जरा मागे रेलतो आणि हमखास विचारतो, "तुम्ही इथे आलात, तर काय वेगळे कराल?" आधीची नोकरी का सोडली, पगाराची अपेक्षा काय, या प्रश्नांची उत्तरे आपण घरून घोकून आलेलो असतो. या प्रश्नाचे उत्तरही आपल्याकडे असते, किंबहुना तेच सर्वांत मन लावून तयार केलेले असते, आणि म्हणूनच पंचाईत होते. सगळे सांगावे, तर नेमणूक होण्याआधीच आपली कल्पना त्यांच्या वहीत उतरते. हातचे राखून बोलावे, तर या माणसाकडे सांगण्यासारखे काही नाही असा समज होतो. झाकली मूठ सव्वा लाखाची हे खरे, पण नुसती झाकलेली मूठ पाहून कोणी नेमणूकपत्र देत नाही.

ही अडचण केवळ भिडस्त उमेदवारांची नाही. केनेथ ॲरो या अर्थशास्त्रज्ञाने १९६२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात ती नेमकी मांडली होती. माहिती विकत घेणाऱ्याला तिचे मोल ती कळल्याशिवाय ठरवता येत नाही, आणि एकदा कळली की ती त्याला फुकटच मिळालेली असते. ॲरो यांच्यासमोर संशोधनाचा व्यवहार होता, मुलाखतीची खोली नव्हती. तरी टेबलाच्या अलीकडे बसलेल्या प्रत्येकाला हे वाक्य आपल्याचसाठी लिहिले आहे असे वाटावे.

कायद्याकडे आशेने पाहावे, तर तोही फारसा धीर देत नाही. १९९५ पासून लागू असलेल्या ट्रिप्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या नवव्या कलमात स्पष्टच म्हटले आहे की, कॉपीराइटचे संरक्षण अभिव्यक्तीला मिळते, कल्पनेला नाही. म्हणजे मी लिहून दिलेला आराखडा माझा, पण त्यातला विचार ज्याला सुचेल आणि रुचेल त्याचा. खरोखर पेटंट घेण्याजोगे काही हाती असेल, तर त्यासाठी अर्ज करण्यापूर्वी ते मुलाखतीत बोलूच नये. गोपनीयतेचे बंधन नसताना केलेली वाच्यता युरोपात शोधाचे नावीन्यच संपवू शकते. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयापुढे १९५६ मध्ये एका लेखकाचा खटला आला होता. त्याने चित्रपटाची कल्पना एका प्रसिद्ध दिग्दर्शकाच्या सेक्रेटरीला फोनवरून सांगितली होती. वापरल्यास मोबदला द्यावा लागेल हे आधी ठरवून कल्पना सांगितली असेल, तर करार मानता येईल, असे न्यायालय म्हणाले. मात्र बोलणी होण्याआधीच जो कल्पना सांगून मोकळा होतो, त्याने दोष स्वतःलाच द्यावा, हेही सुनावायला ते विसरले नाही. आता मुलाखतीत प्रश्न आल्याबरोबर "आधी मोबदल्याचे बोलू" असे म्हणणारा उमेदवार डोळ्यांसमोर आणून पाहा. त्याची कल्पना अगदी सुरक्षित राहील, कारण ती ऐकण्यापूर्वीच त्याला चहा विचारून निरोप दिला जाईल.

या बाबतीत मला लिओनार्दो दा विंची फार व्यवहारी वाटतो. सुमारे १४८२ मध्ये त्याने इटलीतल्या मिलानची सत्ता हाती असलेल्या लुदोविको स्फोर्झाला उद्देशून तयार केलेल्या पत्राचा मसुदा आज उपलब्ध आहे, आणि ते पत्र म्हणजे सरळसरळ नोकरीचा अर्ज आहे. सहज वाहून नेता येतील असे हलके पूल, वेढ्याच्या वेळी खंदकातले पाणी काढण्याची युक्ती, तोफा, झाकलेले रथ असे एकामागून एक मुद्दे तो मांडत जातो. आपण चित्रेही काढतो, हे त्याला शेवटी आठवते. स्फोर्झाची गरज युद्धाची होती, हे त्याने बरोबर ओळखले होते. पण त्याहून मोठी गंमत अशी की, काय करता येईल हे तो भरभरून सांगतो आणि कसे, याचा तपशील कुठेच देत नाही. काही अशक्य वाटत असेल, तर तुम्ही म्हणाल तिथे प्रयोग करून दाखवतो, एवढेच म्हणतो. पुढे त्याने स्फोर्झाकडे अनेक वर्षे काम केले.

टेबलाच्या पलीकडे बसण्याचीही वेळ माझ्यावर आली आहे, आणि तिथून दिसणारे चित्र काहीसे निराळे असते. उमेदवार आवाज खाली आणून जे सांगतो, ते बहुधा संस्थेत आधीच कोणीतरी सुचवलेले असते, आणि पैसा, माणसे किंवा एखाद्या जुन्या कराराची अट यांपैकी कशापाशी तरी ते अडून पडलेले असते. त्यामुळे ऐकणारा कल्पनेपेक्षा माणूसच जास्त पारखत असतो: याने आपली अडचण किती समजून घेतली आहे आणि आक्षेप घेतला की हा चिडतो की विचार करतो. "हे तुम्ही करून पाहिले असेलच, मग कुठे अडले?" असे विचारणारा उमेदवार माझ्या लक्षात राहतो.

नमुन्यादाखल म्हणून वर्षभराचा आराखडा मागवणे ही मात्र वेगळी गोष्ट आहे, आणि तिथे मला उमेदवाराचा संशय रास्त वाटतो. तासाभराचा गृहपाठ पारखण्यासाठी असतो. आठवडा खाणारे, उद्या तसेच वापरता येईल असे काम मागितले, तर ते काम आहे, आणि त्याचे पैसे मागण्यात संकोच कसला? आधीच्या कंपनीतले गुपित स्वतःची कल्पना म्हणून पुढे करण्याविषयी तर बोलायलाच नको. ऐकणारा मान डोलावतो आणि मनात नोंद करतो की, हा आमचेही असेच बाहेर सांगेल.

कधी असेही होते की नोकरी मिळत नाही आणि काही महिन्यांनी आपण सुचवलेलीच सोय त्यांच्याकडे सुरू झालेली दिसते. ती आपल्यामुळे आली की आधीच ठरलेली होती, हे कळायला मार्ग नसतो आणि विचारण्यात शोभाही नसते. मी अशा वेळी ती सोय मुद्दाम वापरून पाहतो. तिच्यात एक खोच होती, ती मी मुलाखतीत बोललो नव्हतो. ती त्यांना सापडली का, हे बघायचे असते.