कायम निवास आणि नागरिकत्व: फरक कळतो तो देशाबाहेर गेल्यावर

परदेशात कायम निवासाचा दर्जा मिळाल्यावर नोकरी, घर, मुलांची शाळा आणि करभरणा या रोजच्या व्यवहारांत रहिवासी आणि नागरिक यांच्यातील फरक फारसा जाणवत नाही, आणि म्हणूनच नागरिकत्वाचा अर्ज अनेक घरांत वर्षानुवर्षे लांबणीवर पडतो. मतदानाचा हक्क हा फरक सर्वांना ठाऊक असतो (न्यूझीलंडमध्ये तर कायम रहिवाशांनाही राष्ट्रीय निवडणुकीत मत देता येते). माझ्या मते खरी कसोटी लागते ती दीर्घकाळ देशाबाहेर राहण्याची वेळ येते तेव्हा.

कॅनडात कायम रहिवाशाने 5 वर्षांच्या कालावधीत किमान 730 दिवस देशात राहावे, अशी सर्वसाधारण अट आहे. ब्रिटनमध्ये बेमुदत वास्तव्याची परवानगी सलग 2 वर्षांहून अधिक काळ बाहेर राहिल्यास सहसा आपोआप रद्द होते. अमेरिकेत पुनर्प्रवेशाचा परवाना न घेता वर्षाहून अधिक काळ बाहेर राहिलेल्या माणसाने निवास सोडून दिला, असे धरले जाऊ शकते. येथे ग्रीन कार्डावरील तारखेमुळे बराच गोंधळ होतो: 10 वर्षांची ती मुदत संपल्याने दर्जा संपत नाही, पण कार्डाची मुदत शिल्लक असूनही दर्जा मात्र हातचा जाऊ शकतो. आजारी आईवडिलांच्या सेवेसाठी मायदेशी गेलेल्या माणसाला म्हणूनच दिवसांचा हिशेब ठेवावा लागतो. नागरिकाला वीस वर्षांनी परतला तरी आपल्या देशाचे दार उघडे असते. गंभीर गुन्हा घडल्यास रहिवाशाची हद्दपारी होऊ शकते, नागरिकाची मात्र होत नाही. अर्थात फसवणुकीने मिळवलेले नागरिकत्व रद्द होऊ शकते, ही गोष्ट वेगळी.

असे असूनही जाणूनबुजून कायम निवासावरच थांबणाऱ्यांना मी अदूरदर्शी म्हणणार नाही, कारण नव्या नागरिकत्वाची किंमत जुना देश ठरवतो. जर्मनीने जून 2024 पासून दुहेरी नागरिकत्वाला सरसकट मुभा दिली. भारतात मात्र 1955 च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम 9 नुसार स्वेच्छेने परकीय नागरिकत्व घेताच भारतीय नागरिकत्व संपते. त्यानंतर मिळू शकणाऱ्या ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्डावर भारतात कितीही काळ राहता येते, पण मतदान करता येत नाही आणि शेतजमीनही विकत घेता येत नाही. ज्यांचा जीव गावाकडच्या शेतीत गुंतलेला आहे, त्यांनी अर्जावर सही करण्यापूर्वी हे कलम वाचलेले बरे.