तांब्याला टेकवलेला आरसा

मंगळवार, रात्री पावणेअकरा

आज पुतण्याचं लग्न झालं. दादाने तीनदा विचारलं, "जेवलास का रे?" तिन्ही वेळा हो म्हणालो. धादांत खोटं. मंडपामागे खुर्ची टाकून पाण्याच्या बाटलीशी खेळत बसलो होतो. हिला सगळं माहीत, पण चारचौघांत ती काही बोलत नाही. घरी आल्यावर तिने ताकातल्या ज्वारीच्या कण्या गरम केल्या, मिक्सरमधून काढल्या आणि समोर ठेवल्या. अवेळी मिक्सर लागला की शेजारीपाजारी ओळखतात, कंडक्टर जेवायला बसला.

जेवताना दाढीचा आरसा तांब्याला टेकवून ठेवतो. हौस म्हणून नाही. तोंडाच्या कॅन्सरसाठी जबड्याचा तुकडा काढताना खालच्या ओठाची नसही गेली, त्यामुळे उजवीकडून घास ओघळला तरी मला पत्ता नसतो. समोरच्याची नजर हनुवटीवर घुटमळली की कळतं. त्या नजरेपेक्षा आरसा परवडला. पण पंगतीत आरसा कुठे मांडणार?

ऑपरेशनला १४ महिने झाले. उजवा गाल आतून गेला, मानेतल्या गाठी काढल्या, छातीचं मांस वळवून गालाला लावलं. पुढे काही दिवसांनी जिभेला आत काहीतरी टोचायला लागलं. छातीवरचे केस! तोंडात केस उगवलेला जगात मी एकटाच असं वाटून रात्रभर झोपलो नाही. डॉक्टर म्हणाले, होतं असं, शेक, म्हणजे रेडिएशन, सुरू झाला की जातील. गेले. त्यांच्याबरोबर चव गेली आणि लाळही गेली. एकूण ३० शेक, आठवड्याला पाच. जाळीचा मुखवटा तोंडावर आवळून टेबलाला अडकवायचे. शेवटच्या पंधरवड्यात तोंडाची आतून सालटं निघाली, नाकातल्या नळीवर दिवस काढले. वजन ७१ वरून ५४.

नळी निघाली तेव्हा वाटलं, सुटलो. खरी गंमत त्यानंतर. लाळ नसली की भाकरी भुशासारखी नुसती फिरत राहते, घासागणिक पाण्याचा घोट लागतो. वास सगळे येतात, जिभेवर मात्र माती. आता कुठे मीठ आणि आंबट कळायला लागलंय. गोडाचा पत्ता नाही, चहा म्हणजे गरम पाणी. तोंड उघडावं म्हणून आइस्क्रीमच्या काड्या एकावर एक रचून दातांत धरायच्या. सुरुवातीला ११ जात, आता १६ जातात. एक दिवस आळस केला की दुसऱ्या दिवशी १५ सुद्धा जात नाहीत. जबडा व्याजासकट वसूल करतो.

भेटायला येणारे म्हणतात, "वाचलास ना, मग झालं तर." बरोबरच आहे. आणि २६ वर्षं मळून खाल्ली ती मीच. पुडीचा ८५ टक्के भाग इशाऱ्याच्या चित्राने भरलेला असायचा. मी तंबाखू लगेच डबीत ओतायचो आणि पुडी गाडीच्या खिडकीतून बाहेर. चित्र बघायची वेळच येऊ दिली नाही. मग आता कुठल्या तोंडाने कुरकुर करायची? (हे वाक्य लिहून स्वतःच हसलो. असो.)

पण कुरकुरीपेक्षा हे निराळं होतं. सकाळी उठून परत आडवं व्हायचं आणि पंख्याकडे बघत राहायचं. पेपरचं पहिलं पान दुपारपर्यंत पहिलंच. मागच्या तपासणीला एका शिकाऊ डॉक्टर मुलीने तोंड बघायच्या आधी विचारलं, "काका, झोप लागते का? मन लागतं का कशात?" मला बोलताच येईना. तिने दोन चिठ्ठ्या दिल्या. एक थायरॉईडची. मानेला शेक बसला की पुढे ती ग्रंथी मंदावू शकते, मग माणूस सुस्त पडतो, उदास होतो. दुसरी मानसोपचाराची. पहिली लगेच मानली. रक्तात टीएसएच वाढलेलं निघालं, म्हणजे ग्रंथी मंदावलेलीच, रोज सकाळी उपाशीपोटी गोळी चालू आहे. दुसरी चिठ्ठी दीड महिना पाकिटात घडी होऊन पडली. मला काय वेड लागलंय? गोळीने अंगाचा जडपणा थोडा हलला, पंखा मात्र सुटेना. शेवटी मागच्या सोमवारी गेलो. तिथल्या बाईंनी विचारलं, "कुणाबरोबर जेवता?"

म्हणालो, "आरशाबरोबर."

त्या हसल्या नाहीत, वहीत काहीतरी लिहिलं.

गुरुवार, रात्री

काल रात्री पाणी प्यायला उठलो. स्वयंपाकघरात अंधारातच ही ओट्याशी उभी. हातात कडक भाकरी, पुढ्यात शेंगाचटणीची वाटी. भाकरीचा तुकडा वाटीभर पाण्यात बुडवायची, मऊ झाला की चटणी लावून तोंडात टाकायची. सोलापुरात जन्मलेली बाई कडक भाकरी पाण्यात भिजवते?

"हे काय?"

"आवाज होतो ना मोडताना. तुम्हाला ऐकू जातो."

१४ महिने. मला वाटायचं, ही माझ्याआधीच उरकून घेते. मी मंडपात "जेवलो" म्हणतो, ही घरात.

काही सुचेना. पाणी पिऊन येऊन पडलो. झोप नाहीच लागली.

आज संध्याकाळी तिला म्हटलं, तुझं ताट घेऊन समोर बस. "अहो, तुम्हाला त्रास होईल." होईल, म्हटलं, बस. ती बसली, पण भाकरी मोडेना. मग मीच तिच्या ताटातली भाकरी उचलून मोडली. कडकन आवाज झाला. दोघेही थोडा वेळ गप्प.

आरशामुळे तिचं तोंड दिसत नव्हतं, म्हणून तो पालथा ठेवला. "उजवीकडे पुसा," ती म्हणाली, चावता चावता, वर न बघता. पुसलं. कण्या आजही अर्ध्याच गेल्या. उद्यापासून चटणीची वाटी जरा तिकडे सरकवून ठेव म्हणून सांगितलंय, वासानेच ठसका लागतो.