अष्टमीला रेवसला जाऊ नये

नकाशा उघडून बघा, नेरुळ आणि अलिबाग समुद्राच्या एकाच बाजूला आहेत. तरीही रस्त्यातल्या वडखळ नाक्यावरच्या वाहतूक कोंडीच्या धसक्याने आमच्या सोसायटीतली मंडळी आधी खाडी ओलांडून मुंबईत जातात, तिथे बोटीत बसतात आणि पुन्हा अलीकडच्या किनाऱ्याला लागतात. याला द्राविडी प्राणायाम म्हणतात हे आम्हाला कळतं. पण बोटीची हौस वाईट.

बायकोच्या मावशीकडे, अलिबागला, दोन दिवस जायचं ठरलं तेव्हा मी अर्थातच रो-रोचं नाव काढलं. भाऊच्या धक्क्यावरून गाडीसकट आत शिरायचं, तासाभरात मांडवा. मार्च २०२० मध्ये ही बोट सुरू झाल्यापासून माझ्या मनात होती. बायकोने विजेच्या बिलाची पाठ घेतली आणि पेन्सिलीने मांडायला बसली. माणसांची तिकिटं एका बाजूला, गाडीचं दुसऱ्या बाजूला. गाडीचा दर तिच्या आकारावर, म्हणजे हौसेने मोठी घेतली त्याचा दंड इथेही. शिवाय अटल सेतू. मोटारीला पूर्ण सेतूचा एकेरी टोल २५० रुपये. आपण उलव्यातून चढतो म्हणून थोडा कमी, एवढाच दिलासा.

"अहो, यात सगळ्यात महाग प्रवासी कोण आहे, बघा."

"कोण?"

"गाडी. आणि ती तिथे जाऊन काय करणार? दोन दिवस मावशीच्या नारळाखाली उभी राहणार. वर नारळ पडला तर काचेचा खर्च."

गाडी घरी राहिली. बोटीचे पैसे वाचवायची याहून सोपी युक्ती मला अजून सापडलेली नाही. बाकी सगळी चिल्लर.

मग गेटवेची लाँच. तिच्या तिकिटात मांडव्याहून अलिबागपर्यंतची बस धरलेली असते. हे ठाऊक नसलेले लोक मांडव्याला उतरून रिक्षावाल्याशी घासाघीस करतात आणि शेजारून बस निघून जाते. थंडीत या लाँचवर सीगल पक्षी मागे लागतात, त्यांना घालायला पोरं वेफर्सची पाकिटं मागतात. तिकिटात वाचवलेलं असं हवेत उडवायचं. शिवाय नेरुळहून सीएसएमटी, तिथून गेटवे, म्हणजे निम्मा जीव मुंबईतच जातो. आणि ऐन पावसाळ्यात ही लाँच बंद.

"उरणहून जाऊ," बायको म्हणाली. तिचं माहेर पेणचं, तिला या बाजूच्या वाटा माहीत. जानेवारी २०२४ मध्ये लोकल थेट उरणपर्यंत गेली. नेरुळला बसायचं, उरणला उतरायचं, रिक्षाने करंजा, तिथून धरमतर खाडीचं तोंड लाँचने ओलांडलं की रेवस. पुढे एसटी नाहीतर मिनीडोर रिक्षा. खाडी ओलांडायला पाऊण तासही लागत नाही. बुकिंग नाही, अ‍ॅप नाही, खिडकीची सीट नाही. हिशेबात हा मार्ग इतका स्वस्त निघाला की मी बेरीज दोनदा तपासली.

करंजाच्या धक्क्यावर आम्ही साडेअकराला पोचलो. लाँच होती. पाणी नव्हतं. म्हणजे होतं, पण लांब, आणि मध्ये चकचकीत काळा चिखल, त्यावर बगळे सावकाश फिरत होते. जाळं विणत बसलेल्या एका म्हाताऱ्या काकांना विचारलं, लाँच कधी?

"सुकती हाय. पलीकडं गाल भरलाय, लाँच लागाची नाय. आज तिथ कंची?"

सुकती म्हणजे ओहोटी आणि गाल म्हणजे गाळ, एवढं कळलं. पण तिथी! आमच्या भिंतीवर कॅलेंडर आहे, पण त्यावर आम्ही दूधवाल्याचे खाडे लिहितो. फोनमध्ये बघितलं. अष्टमी.

"मंग बाराला पानी कुठशी येल?"

त्यांनी मला गणित शिकवलं. तिथीची पाऊणपट करायची, साधारण तेवढ्या वाजता भरती. चतुर्थीला तीनच्या सुमारास. अष्टमीला सहाच्या, म्हणजे भर बाराला पूर्ण ओहोटी. पुनवेला नि अवसेला दुपारच्या आसपास भरती, तेही उधाणाची. अष्टमीला भांग, म्हणजे कमजोर भरती, पाणी चढतं तेही बेताचं. मी आयुष्यभर रेल्वेचं वेळापत्रक तोंडपाठ ठेवलं. समुद्राचंही एक असतं आणि ते आपल्याच पंचांगात छापलेलं असतं, हे पन्नाशीत कळलं. चंद्र रोज पाऊण तासाने उशिरा येतो, भरतीही तेवढीच मागे सरकते. एवढं सरळ आहे.

दोन तास बसलो. मुलाने भज्यांच्या दोन प्लेटी संपवल्या, मी लिंबू सरबत, मग शहाळं, मग पुन्हा सरबत. बायको मासळीवाल्यांकडे फिरून आली ती पिशवी घेऊनच.

"सुकट. दोन वाटे घेतले. कशी कोरडी आहे बघा."

सुकती लागली म्हणून सुकट. विनोद मी तोंडातच ठेवला, दिवस आधीच लांबला होता.

पाणी आलं ते कळलंच नाही. बगळे उडाले, कुशीवर आडव्या झालेल्या होड्या एकेक करून सरळ झाल्या, आणि तांडेलाने इंजिन सुरू केलं. पलीकडे जाईपर्यंत मुलाचं एक गाणंही धड ऐकून झालं नाही.

मावशीने दारातच पिशवी हुंगली. "अगं, अलिबागला सुकट आणलीस? वर्षाची भरून ठेवलीय मी." तीच सुकट परतीला आमच्याबरोबर निघाली, सोबत पांढऱ्या कांद्याच्या चार माळा. करंजाच्या रिक्षावाल्याने माळांची एक सीट धरली. आता गाडी असती तर, असं मी म्हणणार होतो. बायकोने नुसतं बघितलं.

घरी आल्यावर पुन्हा विजेचं बिल निघालं. प्रवासखर्चाच्या खाली जो आकडा आला तो बघून शेजारच्या वहिनी थक्क झाल्या, पुढच्या शनिवारी त्याही निघणार आहेत. मी कागद हातात घेतला. सुकट, भजी, सरबतं आणि कांद्यांची सीट "किराणा" या नावाखाली होती.