आमची वाटचाल : ‘इथे आलो’ या ओळीची जागा

सांगलीत 2006 साली दोन खोल्यांत आम्ही हा व्यवसाय सुरू केला, तेव्हा आमच्याकडे विकण्यासारखे एकच उत्पादन होते : हळद आणि बेदाण्याच्या अडत दुकानांसाठी ब्राउझरमध्ये चालणारी, पीएचपी या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलेली हिशेबाची प्रणाली. सौदा झाला की वजन, दर, हमाली आणि तोलाई भरायची आणि शेतकऱ्याच्या हातात पट्टी छापून द्यायची, एवढेच तिचे काम होते. पहिल्याच हंगामात एक शेतकरी पट्टी घेऊन परत आला आणि दिवाणजींना विचारू लागला की, निव्वळ रकमेच्या वर हे ‘इथे आलो 3’ काय लिहिले आहे आणि ही कसली कपात आहे. आमच्या एका सहकाऱ्याने बेरजेतील चूक शोधण्यासाठी प्रोग्रॅममध्ये ठिकठिकाणी ‘इथे आलो 1’, ‘इथे आलो 2’ अशी वाक्ये पडद्यावर उमटवली होती आणि त्यांतले तिसरे काढायचे राहून गेले होते. दिवाणजींनी पट्टी नव्याने छापून दिली व प्रकरण हसण्यावारी नेले. आमची नंतरची वाटचाल मात्र बऱ्याच अंशी त्या एका ओळीला तिची योग्य जागा शोधून देण्यात गेली.

पहिली दुरुस्ती सोपी होती. ओळ पडद्यावर न उमटवता सर्व्हरवरील एका फाइलीच्या शेवटी जोडायची, यासाठी आम्ही एक फंक्शन लिहिले. जुलै 2004 मध्ये आलेल्या पीएचपी 5 ने भाषेला पूर्ण ऑब्जेक्ट मॉडेल (माहिती आणि तिच्यावरची कामे एकत्र बांधण्याची सोय), इंटरफेस (एखाद्या भागाकडून कोणती कामे करून घेता येतील एवढेच सांगणारा करार) आणि एक्सेप्शन (चूक झाल्याचे कळवण्याची पद्धत) दिले होते आणि आम्हीही नवशिक्यांच्या उत्साहाने सगळे क्लासमध्ये, म्हणजे एकेका कामाच्या साच्यात, बसवत होतो, त्यामुळे त्या फंक्शनचाही लवकरच ‘लॉगर’, म्हणजे नोंदी घेणारा, या नावाचा क्लास झाला. तो आम्ही सिंगलटन केला, म्हणजे त्याची संपूर्ण प्रणालीत एकच प्रत असेल आणि ज्याला हवी त्याने ती नावाने हाक मारून मागवावी, अशी रचना ठेवली. फाइल एक, म्हणून ऑब्जेक्टही एक, हा आमचा तर्क त्या वेळी निर्दोष वाटला होता. प्रत्यक्षात पट्टीचा क्लास, खतावणीचा क्लास, छपाईचा क्लास असे सगळेच त्या एका नावाला बांधले गेले. चाचणी चालवली तरी ओळी खऱ्या फाइलीत जाऊन पडत आणि एकाच सर्व्हरवर दोन दुकाने ठेवली तर दोघांच्या नोंदी एकमेकांत मिसळत. प्रत आतून लपून येत असल्यामुळे, कोणता क्लास लॉगरवर अवलंबून आहे, हे त्याच्या कन्स्ट्रक्टरकडे, म्हणजे प्रत तयार करताना चालणाऱ्या भागाकडे, पाहून कळत नव्हते.

खरा धडा 2009 च्या हंगामात मिळाला आणि तो सविस्तर सांगण्यासारखा आहे. फाइलीत शोधाशोध करणे अवघड जाते म्हणून आम्ही लॉगच्या, म्हणजे लॉगरने घेतलेल्या नोंदींच्या, ओळी डेटाबेसमधील एका तक्त्यात लिहू लागलो होतो, आणि सोय म्हणून हिशेबाचेच डेटाबेस कनेक्शन त्यासाठी वापरत होतो. सौदे जोरात असताना काही पट्ट्या जतन होत नसत; ऑपरेटर दुसऱ्यांदा बटण दाबत आणि मग त्या जतन होत. लॉगच्या तक्त्यात पाहावे तर त्या वेळेची एकही चूक नोंदलेली नसे. आम्ही चार दिवस ग्राहकाच्या नेटवर्कला दोष देत होतो. पट्टी जतन करताना शेतकऱ्याचे खाते, खरेदीदाराचे खाते आणि हमालीचे खाते या तिन्ही नोंदी एका ट्रॅन्झॅक्शनमध्ये, म्हणजे झाल्या तर सगळ्या नाहीतर एकही नाही अशा रीतीने, होत असत; त्यात काही बिघडले की डेटाबेस सगळे मागे घेई आणि त्यासोबत, त्याच कनेक्शनवर लिहिलेली ‘बिघडले’ ही ओळही मागे घेतली जाई. सुरळीत झालेल्या कामांचा लॉग शिल्लक राहत होता आणि फसलेल्या कामांचा पुसला जात होता. आम्ही लॉगसाठी स्वतंत्र कनेक्शन घेतले, तेव्हा दोन ऑपरेटर एकाच खरेदीदाराच्या खात्यावर एकदम लिहू पाहत असल्याने होणारा डेडलॉक, म्हणजे दोघांचे एकमेकांची वाट पाहत अडकून पडणे, पहिल्यांदा डोळ्यांना दिसला.

दिवाणजींना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, “साहेब, रोकड मोजणारा आणि कीर्द लिहिणारा पेढीवर एकच माणूस आम्ही ठेवत नाही.” त्यांच्या बोलण्यात आमच्या रचनेचे निदान होते. आमच्या क्लासला नोंद करायची होती, पण ती कुठे ठेवली जाते हेही त्याला ठाऊक होते, आणि ते त्याला ठाऊक असण्याचे कारणच नव्हते. म्हणून आम्ही लॉगरचा इंटरफेस वेगळा केला. पट्टीच्या क्लासला कन्स्ट्रक्टरमधून ‘नोंद घेणारा कोणीतरी’ मिळू लागला आणि तो फाइलीत लिहितो, डेटाबेसमध्ये लिहितो की ओळ टाकून देतो, हे प्रणाली सुरू करणारा एकच भाग ठरवू लागला. चाचणीच्या वेळी आम्ही काहीही न लिहिणारा लॉगर देत असू. आतल्या बाजूलाही तीन कामांचे तीन वाटे पडले : ओळीत जादा माहिती भरणारा, ओळीला रूप देणारा आणि ओळ पोहोचवणारा.

पुढे 2012 च्या अखेरीस पीएचपीच्या फ्रेमवर्क बनवणाऱ्यांच्या पीएचपी-फिग या गटाने पीएसआर-3 हे लॉगरच्या इंटरफेसचे मानक मंजूर केले. ते वाचताना आम्हाला आनंद झाला आणि थोडे ओशाळल्यासारखेही झाले, कारण आमचा इंटरफेस त्याच्या जवळ जाणारा असला तरी त्यांचा अधिक नेटका होता. नोंदीच्या गांभीर्याच्या आठ पातळ्यांच्या आठ मेथड (क्लासकडून करून घ्यायची कामे) आणि नववी सर्वसाधारण. संदेशात महिरपी कंसातील रिकाम्या जागा आणि त्या भरणारी माहिती वेगळ्या ॲरेमध्ये, म्हणजे यादीत. या दुसऱ्या गोष्टीचे मोल आम्हाला उशिरा कळले. ‘पट्टी 4127 जतन झाली नाही’ असे जोडून तयार केलेले वाक्य शोधायला कठीण असते. ‘पट्टी जतन झाली नाही’ हा संदेश कायम ठेवून क्रमांक वेगळा दिला, तर तीच चूक हंगामात किती वेळा झाली हे मोजता येते. दोन वर्षांनी आम्ही आमचा इंटरफेस मोडीत काढून ते मानक स्वीकारले आणि ओळी पोहोचवणारे आमचे क्लासही हळूहळू काढून मोनोलॉग हे मुक्त ग्रंथालय, म्हणजे इतरांनी लिहून सर्वांना खुला ठेवलेला तयार कोड, वापरू लागलो. स्वतःचा लॉगर स्वतः लिहावा का, असे मला आता कोणी विचारले, तर शिकण्यासाठी जरूर लिहावा आणि ग्राहकाला मात्र तो देऊ नये, असे मी सांगतो.

आठ पातळ्या मूळ सिसलॉग या संगणकीय नोंदींच्या जुन्या पद्धतीच्या आहेत आणि 2009 च्या आरएफसी 5424 या इंटरनेटच्या मानक-दस्तऐवजात त्यांचे क्रमांक दिलेले आहेत, पण छोट्या संस्थेला त्या आठही झेपत नाहीत. आमच्याकडे प्रत्येक जण आपली चूक ‘एरर’ म्हणून नोंदवी आणि त्या गर्दीत खरी एरर हरवून जाई. शेवटी आम्ही पातळीचा अर्थ माणसाशी जोडला : ‘क्रिटिकल’ म्हणजे ज्याची पाळी आहे त्याचा फोन आत्ता वाजेल, ‘एरर’ म्हणजे सकाळी दहाला बसून ती पाहिली जाईल, ‘वॉर्निंग’ म्हणजे आठवड्याच्या बैठकीत तिचा आकडा वाचला जाईल. याखेरीज ‘इन्फो’ आणि ‘डीबग’ आम्ही ठेवल्या आणि उरलेल्या तिन्हींचा वापर करायचा नाही असे ठरवले. फोन आपलाच वाजणार हे कळल्यावर क्रिटिकल लिहिणाऱ्यांचे हात आपोआप आखडले.

ओळीत काय लिहू नये, हे ठरवायला आम्हाला याहूनही उशीर झाला. लॉगिन अयशस्वी झाले की संपूर्ण फॉर्म जसाच्या तसा नोंदवण्याची आमची पद्धत होती आणि त्यात पासवर्डही जात असे. मे 2018 मध्ये ट्विटरने, अंतर्गत लॉगमध्ये पासवर्ड न झाकता साठवले गेल्याचे जाहीर करून आपल्या सर्व वापरकर्त्यांना पासवर्ड बदलण्याचा सल्ला दिला; त्याच दिवशी आम्ही आमच्या फाइली उघडून पाहिल्या आणि जे दिसले ते ग्राहकांना कळवून पासवर्ड बदलून घेतले. पासवर्ड, बँक खाते आणि आधार क्रमांक झाकण्याचे काम ओळीत माहिती भरणाऱ्या टप्प्यावर, म्हणजे एकाच ठिकाणी करता आले. डिसेंबर 2021 मध्ये जावा या प्रोग्रॅमिंग भाषेच्या लॉग4जे या लॉग लिहिणाऱ्या ग्रंथालयातील ‘लॉग4शेल’ ही त्रुटी उघड झाली तेव्हा दोन दिवस फोन सतत वाजत होता. आमची मुख्य प्रणाली पीएचपीत असली तरी अहवाल बनवणारा एक जावा सर्व्हर होता, तो आम्ही त्याच रात्री अद्ययावत केला. नोंदवलेल्या मजकुरातील विशिष्ट चिन्हांना ते ग्रंथालय आज्ञा समजून दूरच्या सर्व्हरकडे विचारणा करत होते, हे त्या त्रुटीचे मूळ होते. बाहेरून आलेला मजकूर हा केवळ मजकूरच राहील, याची काळजी लॉगरने घेतली पाहिजे. आमच्याकडेही नावाच्या रकान्यात नवी ओळ घालून लॉगमध्ये खोटी नोंद घुसडता येत होती, ती वाट आम्ही तेव्हा बंद केली.

28 एप्रिल 2022 रोजी सर्ट-इन या केंद्र सरकारच्या संस्थेने काढलेल्या निर्देशांनुसार लॉग 180 दिवस सुरक्षित ठेवणे आणि सर्व्हरची घड्याळे अधिकृत वेळेशी जुळवून ठेवणे आवश्यक झाले. लहान उद्योगांना त्यासाठी त्या वर्षीच्या 25 सप्टेंबरपर्यंत मुदत मिळाली. आम्ही तोवर 30 दिवसांनी फाइली पुसत होतो. नव्या रचनेवरील ग्राहकांसाठी तो बदल सेटिंग्जच्या फाइलीतील एका आकड्याचा होता, तो एका दुपारी झाला. जुन्या सिंगलटनवर राहिलेल्या चार दुकानांसाठी मात्र जवळजवळ पूर्ण मुदत लागली. घड्याळांच्या बाबतीतही आमची फजिती झाली, कारण निम्म्या सर्व्हरांवर भारतीय वेळ होती आणि निम्म्यांवर यूटीसी ही जागतिक प्रमाणवेळ, त्यामुळे दुपारी बाराचा सौदा कुठे बारा वाजता तर कुठे साडेसहाला झालेला दिसे.

बेदाण्याचे शीतगृह चालवणारा आमचा एक ग्राहक प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे. 1 एप्रिल 2023 पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये, कोणती नोंद कधी बदलली याचा, बंद करता न येणारा ऑडिट ट्रेल असणे बंधनकारक झाले, तेव्हा त्यांनी विचारले की तुमच्याकडे लॉग आहेच, तोच दाखवला तर चालणार नाही का. माझ्या भागीदारांनाही तसेच वाटत होते आणि आमचा यावर दोन आठवडे वाद चालला. माझे म्हणणे असे होते की या दोन नोंदींच्या गरजा एकमेकींच्या विरुद्ध आहेत. लॉगची डिस्क भरली म्हणून पट्टी छापायची थांबता कामा नये, म्हणून लॉगरला अपयश आले तर ते गिळून काम पुढे चालू ठेवावे लागते. बदलाची नोंद झाली नाही तर मात्र बदलही होता कामा नये, म्हणून ती त्याच ट्रॅन्झॅक्शनमध्ये, त्याच कनेक्शनवर लिहावी लागते. 2009 मध्ये जी आमची चूक होती, तीच रचना इथे योग्य ठरली. आम्ही त्यासाठी वेगळा क्लास, वेगळा इंटरफेस आणि वेगळा तक्ता केला. त्याला पुसण्याची मेथड मुळात दिलीच नाही, आणि चुकीची दुरुस्ती उलट नोंद करूनच होते. दिवाणजींना ती पद्धत समजावून सांगावी लागली नाही.

जुन्या सिंगलटनवर आता एकच दुकान उरले आहे. त्या मालकांची वही दिवाळीच्या पाडव्याला बदलते आणि त्याआधी संगणकाला हात लावू द्यायला ते तयार नाहीत, म्हणून ते काम आम्ही पाडव्यानंतरच्या सोमवारी ठेवले आहे.